टांगून बघ रे बाबा!

कुडाळ : मोटारीवर दोन वजने उलटसुलट गरगर फिरवली, की चाकांना जोर न देता गाडी पुढे जाईल, हा नाद जुनाच. अमेरिकेत नॉर्मन डीन यांना १९५९ साली अशा यंत्राचे पेटंटही मिळाले.

यंत्र जमिनीवर सरकते खरे. पण मागची हळू ओढ घर्षण अडवते, पुढचा जोराचा हिसका अडत नाही. भंगसाळीत होडीत बसून हिसके दिल्यासारखेच!

१९७४ साली लंडनचे प्रा. एरिक लेथवेटही जायरोस्कोपला भुलले. मग वर्कशॉपातल्या पोराला हसावे कशाला? भंगारातली मोटार जोड. पण आईचे डाग गहाण टाकण्याआधी यंत्र आंब्याक टांगून बघ. नुसते झुलले, तर काही नाही. दोरी एकाच बाजूला तिरकी राहिली, तरच पुढचा खर्च.