नाईट शिफ्टचा पर्मनंट मेंबर

हडपसरमध्ये रात्र अशी होतच नाही. पहाटे अडीचला मगरपट्ट्यातून कॅब सुटत असतात, गाडीतळाकडे कुणीतरी चहा शोधत असतं. माझी रूममेट अशाच एका कॅबने घरी येते. परवा आली आणि माझ्या लॅपटॉपमध्ये डोकावून म्हणाली, ''अगं, हे तर आमच्या टीममधलंच कुणीतरी वाटतंय!''

स्क्रीनवर होता लोरिस. बटाट्याएवढं डोकं, त्यात मावत नाहीत इतके मोठे डोळे, काटकुळे हातपाय, शेपूट गायब. वजन जेमतेम पाव किलो. गंमत सोडा, पण हा खरंच आपला नातेवाईक आहे. माकडं, वानरं आणि आपण ज्या प्रायमेट गणात मोडतो, त्यातलाच हा दूरचा चुलत भाऊ. कन्नडमध्ये त्याला 'काडुपापा' म्हणतात, म्हणजे रानातलं बाळ.

दिवसभर हे साहेब दाट फांद्यांच्या जाळीत अंगाचा गोळा करून झोपतात. अंधार पडला की ड्यूटी सुरू. डोळ्यांच्या मागे आरशासारखा थर असतो, त्यामुळे चांदण्याचा कणही वाया जात नाही. टॉर्च मारला तर हेच डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. मेन्यूत मुंग्या, किडे, कोळी. आई साडेपाच महिन्यांनी एक किंवा दोन पिल्लांना जन्म देते. ती थोडी मोठी झाली, की रात्री त्यांना चक्क फांदीवर 'पार्क' करून पोटापाण्याला निघते. वर्किंग मदरच म्हणा ना!

पण लोरिसची खरी गोष्ट त्याच्या चालण्यात आहे. तो उडी मारत नाही. एक फांदी घट्ट धरायची, पुढची चाचपायची, मगच पहिली सोडायची. आवाज नाही, घाई नाही. ही सावध चाल त्याला शत्रूच्या नजरेतून वाचवते आणि तीच त्याला अडकवतेही. दोन झाडांमध्ये रस्त्याएवढी फट पडली, की त्याची वाट संपली. मग जमिनीवर उतरायचं, आणि तिथे कुत्री, गाड्या. वर आपल्याकडे या डोळ्यांवरून जादूटोण्याच्या अंधश्रद्धा आहेत. त्यापायीही त्याचा जीव जातो. कायद्याने त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात जागा दिली आहे, म्हणजे सर्वात कडक संरक्षण.

हडपसरात तो भेटणार नाही. पण गोवा एक्स्प्रेसच्या खिडकीतून दूधसागर बघितलाय ना? त्याच मोलेच्या जंगलात लोरिस राहतो. तिथे रेल्वेचा दुसरा मार्ग, रुंद महामार्ग आणि वीजवाहिनी आणायचे प्रकल्प आले, तेव्हा २०२० मध्ये गोव्यातली तरुण मंडळी 'मोले वाचवा' म्हणत उभी राहिली. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने रेल्वे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. त्याच वर्षी तामिळनाडूने कडवूर इथे देशातलं पहिलं लोरिस अभयारण्य जाहीर केलं, ११,८०६ हेक्टरचं.

आणि शहरात? बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या कॅम्पसमध्ये लोरिस राहतात. आयटीच्या राजधानीत, ट्रॅफिकच्या मधोमध! कारण तिथे जुन्या झाडांच्या फांद्या अजून एकमेकींना भेटतात.

हे वाचलं आणि मला आमच्या बाल्कनीसमोरची दोन झाडं आठवली. गेल्या पावसाळ्याआधी त्यांच्या फांद्या छाटल्या, मधे मोकळं आकाश आलं. उजेड छान येतो, मीही खूश झाले होते. खारी अजून उडी मारून पलीकडे जातात. त्यांना जमतं.

आता ती फट दिसली की मी मनात अंतर मोजते. जेमतेम आठ फूट. लोरिससाठी तिथेच जग संपलं असतं.