शाळेच्या वाटेवरील मुले

1 नोव्हेंबर 2000 रोजी रायपूर छत्तीसगडची राजधानी झाले. रहदारी वाढली; बुढापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीतील गल्ल्या मात्र होत्या तेवढ्याच रुंद राहिल्या. शाळा सुटताच मुले याच गल्ल्यांत उतरतात.

‘पुढे शाळा आहे’ ही पाटी चालक वाचतो खरा, पण वेग ठरवितो तो समोरचा रस्ता पाहून. ताशी 50 किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात सुमारे 14 मीटर जाते. 30 च्या वेगाने 8. मूल आडवे आलेले दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत तो सेकंद सरलेला असतो! म्हणून गतिरोधक हवा, पण तो मापाचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो 3.7 मीटर रुंद व 10 सेंटिमीटर उंच असावा. रहिवासी हौसेने घालतात त्या अरुंद उंचवट्याने रुग्णवाहिकेतील रोग्याचे मात्र हाल होतात.

फाटकाशी होणारी गर्दी बहुधा आम्हा पालकांच्याच वाहनांची असते. मुलाला शंभर पावले अलीकडे उतरविले तरी ती ओसरेल. आणि परीक्षेतील यशाबद्दल स्कूटरची किल्ली बक्षीस देण्याची हौस? अल्पवयीन मुलाकडून वाहतुकीचा गुन्हा घडल्यास 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे पालकास 25,000 रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. वाहनाची नोंदणीही बारा महिने रद्द होते.