उसापासून विमानाचं इंधन: २०२७ चं लक्ष्य काय आहे?

घोडेगावच्या रस्त्यावर सीझनमध्ये उसाच्या ट्रॉल्या दिसतात ना? त्या उसाच्या मळीतून इथेनॉल बनतं, आणि इथेनॉलमधून विमानाचं इंधनही. १९ मे २०२३ ला पुणे-दिल्ली विमान असं देशी मिश्रण घेऊन उडालं. इंधन पुण्याच्या प्राजचं.

मग इथेनॉल थेट टाकीत का नाही ओतत? लिटरमागे त्याची ऊर्जा जेट इंधनाच्या जेमतेम ६० टक्के. म्हणून त्यातला पाण्याचा रेणू काढून इथिलीन करतात, ते जोडून लांब साखळ्या बनवतात, शेवटी हायड्रोजन देतात.

केंद्राचं लक्ष्य आंतरराष्ट्रीय विमानांसाठी: २०२७ ला १ टक्का मिश्रण, २०२८ ला २. अडचण दराची. हे इंधन दुपटीहून महाग, शिवाय तेच इथेनॉल पेट्रोललाही हवंय. जादा पैसे कोण भरणार हे ठरेपर्यंत साखर कारखाने यात उतरतील असं मला वाटत नाही.