तळातले पाणी आणि टाकीतले पेट्रोल

होडीचा शोध ज्या दिवशी लागला, त्याच दिवशी होडीत शिरणाऱ्या पाण्याचाही शोध लागला असला पाहिजे. कोकणच्या किनाऱ्यावर मचवा हाकणाऱ्या तांडेलाला वारा, भरती आणि मासा ह्यांचे जेवढे ज्ञान लागते, तेवढेच आपल्या पायांखाली साचणाऱ्या पाण्याचेही लागते. फळ्यांचे सांधे कितीही काळजीने भरले तरी पाणी कोठून ना कोठून वाट काढतेच, आणि मग कुणीतरी डबा घेऊन ते उपसत बसावयाचे, हा क्रम ठरलेला. शिडाच्या होडीत हे पाणी केवळ जड असते. नौकेत इंजिन आले, आणि त्या पाण्याला इंधनाची सोबत मिळाली. तेव्हापासून उपसण्याच्या ह्या साध्या कामाला थोडे शास्त्र आणि बरीच सावधगिरी लागू लागली.

हे शास्त्र सर्वांत आटोपशीर स्वरूपात पाहावयाचे असेल, तर ते उभ्याने चालवावयाच्या जेट स्कीत पाहावे. तारकर्लीला, अलिबागला किंवा नागावच्या किनाऱ्यावर प्रवाशांना फिरवणारी जी वॉटर स्कूटर दिसते, तिच्यावर बसण्याची सोय असते. ही तिची आद्य बहीण. क्लेटन जेकबसन नावाच्या अमेरिकन मोटारसायकल-शर्यतपटूने १९६० नंतरच्या दशकात तिची कल्पना रचली आणि जपानच्या कावासाकी कंपनीने १९७३ साली ती बाजारात आणली. ‘जेट स्की’ हे खरे म्हणजे त्या कंपनीचे व्यापारी नाव. पुढे ते साऱ्या जातीलाच चिकटले. सव्वाशे ते दीडशे किलो वजनाची बंद पेटी, तिच्या पोटात टू-स्ट्रोक इंजिन, पुढे वर-खाली होणारा दांडा आणि मागे उभे राहावयास एक अरुंद चौकट, एवढाच तिचा संसार. तिला बाहेर फिरणारा पंखा नाही. तळातून पाणी आत ओढून ते मागच्या तोटीतून जोराने फेकणारा पंप तिला पुढे ढकलतो. न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन ह्यांनी उथळ, खडकाळ नद्यांतून नौका नेता यावी म्हणून १९५० नंतरच्या काळात हीच युक्ती सिद्ध करून दाखविली होती.

आता समुद्रापासून दूर, रायपूरच्या वायव्येस असलेल्या उरला ह्या औद्योगिक वसाहतीकडे वळू. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी माणसांचा वावर आहे, आणि उरल्याच्या भट्ट्या, रोलिंग मिल व ओतकामाचे कारखाने ह्यांची माहिती तिकडच्या मराठी घरांना नवी नाही. येथे समुद्र नाही. परंतु रायपूरच्या दक्षिणेस धमतरीजवळ महानदीवर गंगरेलचे धरण आहे, आणि रविशंकर सागर ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या विस्तीर्ण जलाशयावर पर्यटकांसाठी यांत्रिक नौका फिरतात. अशा जागी एखादे जुने यंत्र हौसेने विकत घेतले जाते, आणि ते दुरुस्त करावयास समुद्रावरचा कारागीर मिळत नाही. मिळतो तो कारखान्यातला फिटर. नळी, झडप, पंप, क्लिप ह्या वस्तू त्याच्या हातच्या मळाच्या. तेव्हा त्याच्या दृष्टीनेच ह्या नौकेत कोणते फेरफार केले जातात आणि त्यांत धोका कोठे असतो, हे पाहणे सोयीचे होईल.

प्रथम पाणी. बंद पेटीत पाणी येतेच कसे? इंजिनाला श्वास घ्यावयाचा असतो, म्हणून पेटीला हवेची भोके ठेवावी लागतात आणि लाटेबरोबर पाणीही त्याच वाटेने आत शिरते. चालक पडला, नौका कलंडली, की आणखी थोडे. ह्याखेरीज एक छुपी वाट असते. इंजिन थंड ठेवण्यासाठी मागच्या पंपातूनच दाबाचे पाणी एका नळीने पुढे आणलेले असते. ती नळी निसटली, तर जो पंप नौका पुढे नेतो तोच तिला आतून भरू लागतो! पाण्याचा लिटर म्हणजे एक किलो. वीस लिटर पाणी आत असेल तर वेग घेताना ते सगळे मागे धावते, वेग कमी केला की पुढे येते, आणि नौका चालकाचे ऐकेनाशी होते. त्याहून वाईट म्हणजे इंजिनाला पंपाशी जोडणारा फिरता सांधा त्या पाण्यात बुडाला की ते कारंज्यासारखे वर उडते आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून इंजिनात जाते.

हे पाणी काढण्याची मूळची व्यवस्था अतिशय सुंदर आहे. तिला वीज लागत नाही, तिच्यात फिरणारा एकही भाग नाही. डास मारावयाचा फ्लिटचा पंप ज्यांनी वापरला आहे त्यांना ती चटकन कळेल. त्या पंपात हवा एका बारीक नळीच्या तोंडावरून वेगाने जाते, तेथला दाब कमी होतो आणि खालचे औषध आपोआप वर चढते. प्रवाहाचा वेग वाढला की दाब घटतो, हा बर्नुलीने १७३८ साली मांडलेला सिद्धांत. जेट स्कीच्या मागच्या तोटीत पाणी फार वेगाने जात असते. तेथे एक छोटे छिद्र पाडून त्याला नळी जोडली आणि नळीचे दुसरे टोक पेटीच्या तळाशी गाळणीत ठेवले, की धावणारी नौका स्वतःच स्वतःला उपसत राहते.

दोष एवढाच की ती धावत असेल तरच. इंजिन बंद पडले, म्हणजे पाणी काढण्याची गरज सर्वांत जास्त असते त्याच क्षणी, ही सोय थांबते. शिवाय नळीचे बाहेरचे टोक पाण्याखाली असल्यामुळे बाहेरचे पाणी उलट आत येण्याची भीती राहते. म्हणून ती नळी पेटीच्या वरच्या भागापर्यंत उंच नेऊन मग खाली वळवतात आणि त्या वळणाच्या माथ्यावर टाचणीएवढे भोक ठेवतात. त्यातून हवा शिरली की उलटा ओघ तुटतो. नवख्या दुरुस्ती करणाऱ्याला हे भोक म्हणजे गळती वाटते आणि तो ते मोठ्या दक्षतेने बुजवून टाकतो. किनाऱ्याला बांधलेली नौका मग रात्रीतून भरते आणि तिचे कारण कोणालाच उमगत नाही.

ह्या दोषावर उपाय म्हणून हौशी लोक बॅटरीवर चालणारा लहान पंप बसवितात. बाजारात सर्रास मिळणाऱ्या लहान पंपावर तासाला पाचशे अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे १,९०० लिटर, असे लिहिलेले असते. मिनिटाला एकतीस लिटर ऐकून माणूस निश्चिंत होतो. पण तो आकडा पाणी मुळीच वर न चढविता, मोकळ्या तोंडाने मोजलेला असतो. हातभर उंची आणि बारीक, वळणावळणाची नळी मध्ये आली की तो बराच खाली येतो. उरल्याच्या फिटरला हे सांगावे लागणार नाही. त्याला सांगावयाचे ते दुसरेच आहे. बाहेर पाणी टाकण्याचे भोक जलरेषेच्या वर पाडले तरी ही नौका वळताना कुशीवर झोपते आणि पडल्यावर उताणी होते. तेव्हा ‘वर’ काय आणि ‘खाली’ काय, हे येथे कायमचे ठरलेले नसते. पंप थांबला असता त्यातून पाणी उलट येऊ शकते, म्हणून ह्याही नळीला उंच वळण हवेच.

पंप आपोआप सुरू करणारी तरंगती कळ बसवावी काय? बांधून ठेवलेल्या मोठ्या होडीला ती उपकारक आहे. उड्या मारणाऱ्या ह्या लहान यंत्रात मात्र तळातले पाणी सारखे हिंदकळते, कळ क्षणोक्षणी चालू-बंद होते आणि लहानशी बॅटरी हकनाक खर्ची पडते. हाताने दाबावयाचे बटण बरे, असाच अनुभवी लोकांचा कौल दिसतो. त्याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे, आणि ते समजण्यासाठी पेट्रोलाकडे वळावयास हवे.

पेट्रोलाची वाफ हवेहून जड असते. ती वर उडून जात नाही. तळाशी बसते, म्हणजे नेमकी जेथे पाणी साचते तेथेच. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ मिसळली तरी ठिणगीने भडका होण्यास ती पुरते. मोटारीत पेट्रोल गळले तर ते रस्त्यावर पडून उडून जाते. बंद पेटीत त्याला जावयास जागाच नसते. म्हणून मोटारीचा स्वस्त पंप, साधा रिले, उघडा सांधा ह्यांपैकी काहीही नौकेत चालत नाही. पंप नौकेसाठीच केलेला, आतली ठिणगी बाहेर न येऊ देणारा हवा, तारांचे सांधे बंदिस्त हवेत आणि फ्यूज बॅटरीलगत हवा. स्वयंचलित कळ आणि गळके पेट्रोल एकत्र आले, तर माणूस जवळ नसतानाही पंप आपण होऊन सुरू होतो. इंजिन सुरू करण्यापूर्वी झाकण उघडून काही मिनिटे हवा खेळू द्यावयाची आणि नाकाने वास घ्यावयाचा, हा जुना नियम अद्याप कोणत्याही उपकरणाने रद्द केलेला नाही.

इंधनाची मूळ व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. टाकीत दोन नळ्या असतात, एक आखूड आणि एक तळापर्यंत जाणारी. आखूड नळीखाली पेट्रोल गेले की कॉक फिरवून रिझर्व्हवर यावयाचे. आकुर्डीच्या बजाज स्कूटरवर ज्यांचे तारुण्य गेले त्यांना हे पाठ आहे. स्कूटर आडवी करून पुन्हा किक मारण्याचा उपाय मात्र पाण्यावर करता येत नाही. इंधन वर खेचण्यासाठी इंजिनाच्याच पोटातील दाबाच्या ठोक्यांवर हलणारा एक पातळ पडदा असतो, लोहाराच्या भात्याचा जणू सूक्ष्म अवतार. टाकीच्या श्वासनळीवर एकमार्गी झडप असते. ती हवा आत घेते, पण नौका उलटली तरी पेट्रोल बाहेर सोडत नाही. ती उलटी बसली तर टाकीत पोकळी निर्माण होऊन इंजिन उपाशी राहते. उन्हात तापलेल्या टाकीतील दाबाने पेट्रोल कार्ब्युरेटर ओलांडून पुढे सरकते, म्हणून नौका उभी असताना कॉक बंद ठेवावयाचा.

ह्या व्यवस्थेत केला जाणारा सर्वांत आवडता फेरफार म्हणजे चोक काढून टाकणे. चोकची पाती हवेच्या वाटेत आडवी येते, आणि तिचा स्क्रू ढिला होऊन इंजिनात गेला तर पिस्टनची धडगत नाही. तिच्या जागी हाताने दाबावयाची लहान पिचकारी बसवितात. ती दोनतीन वेळा दाबली की थेट कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोल पडते. फेरफार चांगलाच आहे. पण त्यासाठी दोन नळ्या वाढतात आणि नळ्यांचे चार-पाच जोड वाढतात. जुनी झालेली नळी दाबाच्या बाजूला तडकली तर तळाशी पेट्रोल गळते, ओढीच्या बाजूला तडकली तर इंधनाऐवजी हवा आत येते. हवा वाढली, पेट्रोल घटले, की टू-स्ट्रोक इंजिन अधिक जोमाने धावल्यासारखे वाटते आणि थोड्याच वेळात तापून जाम होते. त्याचे वंगण पेट्रोलातूनच येते. बहुतेक जुन्या यंत्रांत पन्नासास एक ह्या प्रमाणात, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, तेल मिसळावे लागते. पेट्रोल कमी पडले म्हणजे तेलही कमी पडले.

अलीकडे ह्यात एक नवी अडचण आली आहे. भारतात २०२५ पासून पंपावर सामान्यतः मिळणाऱ्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉलात ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण आपोआप विरळ होते; तेव्हा जेट मोठे करावे लागतात. जुन्या रबरी नळ्या आणि पडदे त्याने फुगतात, म्हणून तेही बदलावयास हवेत. पण खरा धोका निराळाच आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते. दमट हवेत, अर्धवट भरलेल्या टाकीत, पावसाळाभर यंत्र पडून राहिले आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले, की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलापासून अलग होतात आणि तळाशी बसतात. तेल वरच्या पेट्रोलात राहते; खालच्या थरात वंगण जवळजवळ नसते. आणि रिझर्व्हची नळी तर थेट तळापर्यंत गेलेली! जलाशयाच्या मध्यावर पेट्रोल संपत आले म्हणून मोठ्या विश्वासाने कॉक फिरवावा, तो इंजिनाला मिळते पाणीमिश्रित, बिनतेलाचे द्रव्य. इंजिन थांबते. इंजिन थांबले की तोटीतून पाणी उपसणारी नळी थांबते. दोन स्वतंत्र दुरुस्त्या म्हणून ज्या गोष्टी फिटरपुढे आल्या होत्या, त्या अशा वेळी एकच होतात आणि चालकाजवळ उरते ते अंगावरचे जॅकेट आणि बॅटरीचा पंप.

म्हणून हंगाम संपताना टाकी रिकामी करून ठेवणे, पाणी वेगळे करणारी पारदर्शक वाटी नळीत बसविणे आणि ती दर खेपेस उजेडात धरून पाहणे, ही कामे मोठा कार्ब्युरेटर बसविण्यापूर्वीची होत. हौशी मंडळींना नेमकी हीच नीरस वाटतात. आणखी एक भान ठेवावयास हवे. जुने टू-स्ट्रोक इंजिन आपल्या इंधनाचा सुमारे चौथा हिस्सा न जाळताच बाहेर टाकते. अमेरिकेतील टाहो सरोवरावर कार्ब्युरेटरची अशी इंजिने १९९९ साली बंद करण्यात आली ती ह्याच कारणाने. तळातले तेलकट पाणी पंपाने जलाशयात ओतणे म्हणजे त्यात आणखी भर. पंपाजवळ तेल शोषणाऱ्या स्पंजाचा तुकडा ठेवला तर ते बरेचसे अडते, मात्र तो गाळणीत अडकणार नाही असा बांधलेला असावा.

सगळे जोडून झाल्यावर परीक्षा काठावरच घ्यावी. टाकीत पेट्रोल घालण्यापूर्वी पेटीत दोन बादल्या पाणी ओतावे, पंप सुरू करून घड्याळ लावावे, आणि मग नौका दोन्ही कुशींवर कलती करून कोठून पाणी उलट येते ते पाहावे. राहिलेले पाणी काढण्यासाठी मागच्या बाजूस, अगदी तळाशी, हाताने फिरवावयाची दोन रुपयांच्या नाण्याएवढी एक बुचे असते. ते काढून नौका उतरती उभी केली की पेटी कोरडी होते. नवे पंप, उंच वळणे, फ्यूज, झडपा हे सारे यथास्थित असूनही जेट स्की बुडतात, त्यांतल्या पुष्कळशा हे बूच परत लावावयाचे राहून गेल्यामुळे. शहाणे चालक ते काढले की इंजिन चालू करण्यासाठी मनगटाला लागणाऱ्या दोरीलाच अडकवून ठेवतात.