सांधणाऱ्याचे नाव

सातारा जिल्ह्यात जावळी तालुक्यातल्या मेढ्याहून पश्चिमेची डोंगररांग ओलांडली की बामणोलीला शिवसागर जलाशयाचे पाणी लागते. कोयना धरणाची भिंत इथून दूर, पाटण तालुक्यात आहे. पण तिने अडवलेले पाणी जावळीच्या खोऱ्यात शिरले आहे आणि जावळी तालुक्यातल्या गावांच्या जमिनी त्याखाली गेल्या आहेत. धरणात 1960च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी साठू लागले, परिसराला लहान धक्के जाणवू लागले, आणि 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी सुमारे 6.3 रिश्टरचा भूकंप झाला. कोयनानगरातली बहुतेक घरे पडली, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. तेव्हापासून या मुलखात एक प्रश्न विचारला जातो, की हा भूकंप केला कोणी? निसर्गाने की धरण बांधणाऱ्यांनी? हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके अभ्यास करून जे उत्तर दिले, ते कोणत्याच पक्षाला पुरते सोयीचे नाही. खडकातला ताण आधीपासूनचा होता. जलाशयाच्या पाण्याने भेगांमधला दाब वाढवून तो वेळेआधी मोकळा केला. कराडजवळच्या प्रयोगशाळेने गोठण्याला तीन किलोमीटर खोल विवर पाडले, तेही ही वाटणी नीट समजावी म्हणूनच. श्रेय असो वा दोष, ते एका नावावर जमा करता येत नाही. म्हणून ते कुणाच्याच नावावर टाकू नये असे मात्र नाही.

योगायोग असा की त्याच 1967 साली रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने लेखकाच्या मृत्यूची घोषणा करणारा निबंध प्रसिद्ध केला. संहिता अनेक जुन्या संहितांच्या धाग्यांची विणलेली असते, तिचा अर्थ लेखकाच्या हेतूत शोधू नये, तो वाचणाऱ्याकडे ठरतो, असा त्याचा दावा. दोनच वर्षांनी मिशेल फुकोने प्रश्न फिरवला: लेखक ही व्यक्ती सोडा, ‘लेखक’ हे नाव समाजात कोणते काम करते ते पाहा. त्याच्या मते त्यातले एक जुने काम म्हणजे शिक्षा कुणाला करायची हे ठरवणे. मराठी समीक्षेने बार्थला डोक्यावर घेतले, फुकोच्या या मुद्द्याकडे तुलनेने कमी पाहिले. जावळीतल्या घरांच्या दगडी भिंतीच्या बाबतीत मला फुकोच जास्त उपयोगी वाटतो. भिंत कोणी उभी केली यापेक्षा ती पडली तर उत्तर कोणाला द्यावे लागेल, हा कर्तेपणाचा खरा कस आहे. भूकंपासाठी जुन्या भिंती बळकट करण्याचे काम आपल्याकडे रखडते त्याचे एक मोठे कारण हेच, की आपण मूळ बांधणाऱ्याला विसरतो आणि नंतर सांधणाऱ्याला कर्ता मानतच नाही.

साताऱ्याच्या डोंगराळ भागातल्या जुन्या घराची भिंत बाहेरून एक दिसते, पण बहुधा ती दोन भिंतींची जोडी असते. बाहेरचा थर आणि आतला थर वेगवेगळे रचलेले, मध्ये कपच्या, खडे आणि मातीची भर. दर्शनी दगडाला गवंडी छान तोंड काढतो, मागची बाजू ओबडधोबड राहते. वरून येणारे वजन ही भिंत पिढ्यान्‌पिढ्या झेलते, कारण ते सरळ खाली उतरते. भूकंप मात्र आडवा ओढतो. मग मधली भर सैल होऊन खाली बसते, पाचरीसारखी दोन्ही थरांना बाहेर ढकलते, भिंतीला पोट येते आणि बाहेरचा थर ढासळतो. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंफलेल्या नसतील तर त्या तिथूनच सुटतात. इलाज जुना आणि साधा आहे: भिंतीच्या पूर्ण जाडीइतका लांब आरपार दगड, जो दोन्ही थरांना एकत्र धरतो. भारतीय मानक 13828 सांगते की असे दगड उंचीत दर 60 सेंटिमीटरला आणि लांबीत 1.2 मीटरपेक्षा जास्त अंतर न सोडता घालावेत. उभ्या भिंतीत दगड घालता येत नसेल तर हळूहळू, धक्के न देता, आरपार भोक पाडायचे, त्यात आकडे वळवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. त्यापुढे दारे-खिडक्यांच्या माथ्यावर सगळ्या भिंतींना वेढणारा सलग पट्टा आणि कोपऱ्यांना उभ्या सळया किंवा जाळी. यातले काहीही नव्याने शोधलेले नाही. चांगल्या पाथरवटाला आरपार दगड ठाऊकच होता. लांब दगड महाग पडतो, तो घडवायला वेळ लागतो आणि गिलाव्याखाली तो कुणाला दिसत नाही, म्हणून तो वगळला जातो.

किल्लारीचा अनुभव इथे तपासून पाहण्यासारखा आहे. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे लातूर-धाराशिवकडच्या जाड दगडी भिंती आणि माळवदांखाली आठ-दहा हजार माणसे गेली. 52 गावे नव्या जागी वसवली गेली. बाकीच्या हजारो गावांत घरे दुरुस्त व बळकट करण्यासाठी सरकारने मालकांना हप्त्याहप्त्याने पैसे दिले. अपेक्षा अशी, की लोक जुन्या भिंती सांधून घेतील. पुष्कळांनी त्याऐवजी त्या पैशात विटा-सिमेंटची एखादी नवी खोली बांधली आणि जुने घर होते तसे वापरात ठेवले. तज्ज्ञांना हा अडाणीपणा वाटला. मला तो वाटत नाही. ज्या भिंतीने शेजारचे घर गिळले तिच्यावर पुन्हा विश्वास ठेवायचा तर ‘ही मी सांधली आहे, हिची जबाबदारी माझी’ असे म्हणणारे कोणीतरी लागते. मूळ गवंडी काळाच्या पडद्याआड गेलेला, अभियंता तालुक्याच्या ठिकाणी, मानकावर नुसते समितीचे नाव. भिंतीला कर्ता उरला नाही की दोष दगडाच्या माथी बसतो, आणि दगड तर बदलून टाकता येतो.

याउलट कोयना धरणाकडे पाहा. तेही एका अर्थी दगडांचीच, रबल काँक्रीटची 103 मीटर उंच भिंत. भूकंपात तिच्या वरच्या भागात, जिथे मागचा उतार बदलतो तिथे, दोन्ही अंगांना तडे गेले. ती पाडली नाही. तडे भरले गेले, बिगर-सांडवा भागाला मागून काँक्रीटचे भक्कम आधार जोडले गेले, आणि सांडव्याच्या भागाचे बळकटीकरण या शतकात झाले. धरणातल्या यंत्राने नोंदवलेला तो हादरा आज जगभरचे अभियंते गणिताची पद्धत पारखायला वापरतात. हे झाले कारण धरणाला धनी होता, नकाशे होते, प्रत्येक दुरुस्तीची नोंद होती. जावळीतल्या घराला यातले काहीच नसते. मोठ्या वास्तूंतही बांधणाऱ्याचे नाव सहसा बांधून घेणाऱ्याच्या किंवा देखरेख करणाऱ्याच्या नावाखाली झाकले जाते; प्रतापगडासंबंधी आपण मोरोपंत पिंगळ्यांचे नाव घेतो, गवंड्याचे नाही. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीशी हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे, ते अपवाद म्हणूनच आपल्याला इतके भावते.

सांधणारा कर्ता कसा असतो याचा नमुना मराठीला परका नाही. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत पाठ बिघडले होते, ते ताडून त्यांनी लावले. ग्रंथ आपला म्हणून मिरवला नाही, पण शेवटी आपण काय केले आणि केव्हा केले हे लिहून ठेवले आणि पुढच्यांनी भर घालू नये असे बजावले. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी 1909 मध्ये एकनाथांच्या आधीची म्हणून दुसरी प्रत छापली, तेव्हा वाद घालता आला तो या नोंदीमुळेच. एकनाथांनी नाव व शक लिहिला नसता तर मूळ कुठे संपते आणि दुरुस्ती कुठे सुरू होते हे विचारायलाही जागा उरली नसती.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की पोथी शुद्ध करणे आणि भिंतीत सळई घालणे एक नव्हे. एकनाथांनी नवे काही मिसळले नाही, इथे तर नवेच घालावे लागते. आक्षेप खरा आहे. बळकटीकरण मूळ रचनेत घुसते, आणि ते चुकीचे केले तर नुकसानही करते. मातीच्या सांध्यांवर सरसकट सिमेंटचा गिलावा थापला तर ओल आत कोंडते. जावळीच्या पावसात हे गौण नाही. म्हणूनच तर नोंद अधिक लागते. 1964च्या व्हेनिस सनदेने जुन्या वास्तूत बदललेला भाग मुळाशी जुळावा, पण मुळापासून वेगळा ओळखू यावा असे सांगितले. तोच नियम साध्या घराला लावायला हरकत नाही. दुसरा आक्षेप अभियंत्यांचा: एवढी उठाठेव कशाला, पाडा आणि आरसीसी बांधा. 26 जानेवारी 2001 रोजी भूकंपकेंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत आरसीसीच्याच बहुमजली इमारती कोसळल्या. साहित्य बदलल्याने कर्त्याची गरज संपत नाही. तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो सर्वांत गंभीर. कर्तेपणाची नोंद केली तर उद्या गवंडी घरमालकाविरुद्ध हक्क सांगेल का? 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे वास्तूचाही लेखक असतो. पण दिल्लीचा ‘हॉल ऑफ नेशन्स’ 2017 मध्ये पाडला गेला आणि वास्तुरचनाकार राज रेवल न्यायालयात गेले, तेव्हा 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की लेखकाचे विशेष हक्क मालकाला पाडण्यापासून रोखू शकत नाहीत. म्हणजे मालकाची मालमत्ता सुरक्षित आहे. उरतो तो हक्काचा नाही, जबाबदारीचा भाग, आणि आपल्याला तोच हवा आहे.

त्यासाठी नवे खाते नको. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, घराचे वर्णन असते आणि मालकाचे नाव असते. त्यात आणखी एक रकाना घालता येईल: भिंत सांधणाऱ्या गवंड्याचे नाव, वर्ष, आरपार दगड किती व कुठे, पट्टा आहे की नाही. गिलावा होण्याआधी काढलेले एक छायाचित्र सोबत जोडले की काम भागते. घरकुल योजनेत बांधकामाच्या टप्प्यांची छायाचित्रे घेतलीच जातात. जावळीतल्या लहान गावात, जिथे गवंडी आणि मालक एकमेकांना ओळखतात, हा रकाना भरायला फारसा खर्च येणार नाही. आरपार दगड वगळणाऱ्याला मात्र तो महागात पडेल.