भिंतीवर चित्र, नकाशात जागा

कफ परेडच्या मच्छीमार नगरात उभे राहिले की समोर होड्या अन् जाळी, मागे उंच टॉवर. समुद्रात भराव घालून हा कफ परेड वाढला. शहराची जमीन वाढली, कोळी बांधवांचा किनारा मात्र आक्रसला.

जवळचा ससून डॉक १८७५ सालचा. २०१७ मध्ये तेथील भिंती कलाकारांनी रंगवल्या. कष्टकऱ्यांचे चेहरे भिंतीवर झळकले, याचा आम्हाला आनंदच आहे. पण जाळी सुकवायला, होडी दुरुस्त करायला जागा चित्राने मिळत नाही. ती विकास आराखड्यात मिळवावी लागते. नकाशावर 'झोपडपट्टी' लिहिले की पुनर्वसनाच्या इमारतीत खोली मिळेल, पण अंगण जाईल. म्हणूनच २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत मुंबईतील कोळीवाड्यांचे नकाशे करण्यास सांगितले गेले.

आपल्या चाळी-वस्त्यांचेही तेच आहे. शाळा, दवाखाना, वाचनालय कागदावर नसेल तर जमिनीवर कोठून येणार? फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. हजारो हरकती गेल्या आणि एप्रिलमध्ये सरकारला तो रद्द करून नव्याने करायला सांगावे लागले. हरकतीचा हा हक्क १९६६ च्या नगररचना कायद्याने दिला आहे.

तेव्हा आराखडा प्रसिद्ध झाला की घरातील शिकलेल्या मुला-मुलींनी तो वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावा. नकाशात आपली गल्ली शोधावी. चूक दिसली तर मुदतीत लेखी हरकत द्यावी, आणि पोच घ्यायला विसरू नये!