जिवाणूंनी धातू काढला, पण तो गेला कुठे?

समजा, चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या राख बंधाऱ्याजवळची माती तुम्ही प्रयोगशाळेत आणलीत. विषय योग्यच आहे. केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट, आपल्या कोळशात साधारण ३० ते ४० टक्के राख आणि त्या राखेत क्रोमियम, आर्सेनिक, शिसं यांचे अंश. मातीतून तुम्ही जिवाणू वेगळे केलेत, षट्संयुजी क्रोमियमच्या द्रावणात वाढवलेत. दोन दिवसांनी मोजलं, तर क्रोमियम ९० टक्के कमी! शोधनिबंध लिहायला बसण्याआधी एवढंच सांगा: ते क्रोमियम गेलं कुठे?

जिवाणू तेल खातात तेव्हा त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. धातू मात्र मूलद्रव्य आहे, तो कुजत नाही. जिवाणू त्याची फक्त जागा किंवा रूप बदलतात. रस्ते मुख्यतः तीन:

१. धातू पेशीभित्तिकेला चिकटतो. हे मेलेल्या पेशीवरही होतं.
२. जिवंत पेशी तो आत साठवते.
३. रूप बदलतं. षट्संयुजी क्रोमियमचं कमी विषारी, कमी विरघळणारं त्रिसंयुजी क्रोमियम होतं.

म्हणून फ्लास्क तीन लावा: पेशींशिवाय, मेलेल्या पेशींचा आणि जिवंत पेशींचा. डायफिनाइलकार्बाझाइडचा जांभळा रंग फक्त षट्संयुजी क्रोमियम दाखवतो. तेव्हा एकूण क्रोमियम अणुशोषण वर्णपटमापकावर मोजा, द्रवात वेगळं आणि पेशींच्या गाळात वेगळं. दोन्हींची बेरीज घातलेल्या क्रोमियमशी जुळलीच पाहिजे.

प्रयोगशाळेबाहेर हाच प्रश्न आणखी कठीण होतो. सल्फेट वापरणारे जिवाणू धातूचा सल्फाइड करून तो तळाशी बसवतात. पण हे ऑक्सिजन नसेपर्यंतच टिकतं. चंद्रपूरच्या मे महिन्यात तळं आटलं, गाळात हवा शिरली, की पहिल्या पावसात धातू पुन्हा पाण्यात येऊ शकतो.

नागपूरच्या नीरीने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्याची मळी, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मायकोरायझा बुरशी वापरून झाडं वाढवली. मुळांनी ढिगारा धरून ठेवला की धूळ आणि वाहून जाणं कमी होतं. धातू संपत नाही, पण तो जागेवर राहणं हेही मोठं काम आहे.

तेव्हा नमुना चंद्रपूरच्या राखेचा असो की गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखाणीजवळचा, संशोधन आराखड्यात ‘किती टक्के काढला’ याच्या शेजारी ‘कुठे ठेवला आणि किती दिवस टिकेल’ हा रकाना आखा. गावकरी पाणी पिताना तुमची टक्केवारी बघणार नाहीत.